मूळ स्टार ट्रेकवरचं प्रेम म्हणजे निव्वळ नॉस्टॅल्जिया? साफ असहमत

दुर्बीण:
परवा खडूस यांनी लिहिलं की १९६६ च्या स्टार ट्रेक या अंतराळजहाजाच्या मालिकेवर लोक अजून जीव टाकतात ते फक्त लहानपणीच्या आठवणींपोटी. मालिकेत म्हणे खोटे खडक, रबरी राक्षस आणि कप्तान कर्कची भाषणं यापलीकडे काही नाही. दुर्लक्ष करणार होतो, पण राहवलं नाही.

एनबीसी या अमेरिकी वाहिनीने तीन सीझन, ७९ भाग दाखवून १९६९ मध्ये गाशा गुंडाळला. लोकांनी ती डोक्यावर घेतली ती नंतर, गावोगावच्या वाहिन्यांवर पुनःप्रक्षेपण सुरू झाल्यावर. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांचं पहिलं मोठं संमेलन भरलं. आयोजकांनी काहीशे माणसं धरली होती, आली तीन हजारांवर. मालिका बंद पडून जेमतेम अडीच वर्षं झाली होती. एवढ्यात कसला आलाय नॉस्टॅल्जिया?

आता रबरी राक्षसाचंच बोलू. 'द डेव्हिल इन द डार्क' हा भाग घ्या. खाणीत एक प्राणी कामगारांना जाळून मारतोय. हॉर्टा. दिसायला भिजलेल्या गोधडीसारखी, आत एक माणूस रांगतोय हे लपतही नाही. सुरुवातीला 'तिला जिवंत पकडता येईल का' म्हणणारा जहाजावरचा अर्धा परग्रहवासी अधिकारी स्पॉक, कर्क तिच्यासमोर एकटा अडकलाय म्हटल्यावर 'मारून टाका' म्हणतो. आणि मारायलाच निघालेला कर्क फेझर रोखून उभा राहतो, पण चाप ओढत नाही. कामगार ज्यांना बिनकामाचे दगड समजून फोडत होते ती तिची अंडी निघतात. मग जहाजाचा डॉक्टर मॅकॉय कुरकुरत तिची जखम सिमेंटने लिंपतो. पन्नास मिनिटांत राक्षसाची आई होते. हे बघून ज्याच्या पोटात काही हललं नाही त्याला मी काय समजावणार?

खडूस:
एक चांगला भाग सांगून ७९ भागांची वकिली होत नाही. 'स्पॉक्स ब्रेन' का नाही घेतला उदाहरणाला? स्पॉकचा मेंदू चोरीला जातो आणि मॅकॉय त्याला रिमोटवर चालवतो!

संमेलनाचं म्हणाल तर कारण सरळ आहे. हाताशी भरपूर भाग असले की वाहिन्यांना मालिका रोज लावता येते. रोज त्याच वेळी तेच समोर आलं की सवय लागते. याला तुम्ही प्रेम म्हणता, मी वेळापत्रक म्हणतो.

दुर्बीण:
आणि ते भाग आले कुठून? पहिल्या दोन सीझनचे मिळून ५५. मालिका दुसऱ्यानंतरच बंद पडायची होती. ब्यो आणि जॉन ट्रिंबल या जोडप्याने पत्रमोहीम उभी केली, चाहत्यांनी पोत्यांनी पत्रं धाडली. शेवटी १ मार्च १९६८ ला एनबीसीला भाग संपता संपता जाहीर करावं लागलं की मालिका चालू राहणार. तिसऱ्या सीझनचे २४ भाग त्यातून आले. तुमचं ते वेळापत्रक चाहत्यांनी पदरचे पोस्टाचे पैसे घालून मिळवलंय.

खडूस:
बरं, पत्रांचं मान्य. पण मग 'स्पॉक्स ब्रेन'चं श्रेयही त्यांनाच द्या, तो त्याच २४ भागांतला पहिला.

सांजसकाळ:
दोघेही पुरुष, दोघांच्याही यादीत बायका नाहीत.

मला ही मालिका आवडते, पण 'काळाच्या पुढे' हे ऐकून कान किटले. पहिल्या पायलटमध्ये, म्हणजे वाहिनीला दाखवायला केलेल्या नमुना भागात, जहाजावर दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी बाई होती. एनबीसीने पायलट नाकारला, पुढच्या पायलटमध्ये ती गायब! उहुरा ही कृष्णवर्णीय अधिकारी ब्रिजवर, म्हणजे जहाजाच्या नियंत्रण कक्षात बसते, पण तीन सीझन तिला करायला काय दिलं? संदेश आलाय, सर. आणि शेवटच्या भागात तर स्पष्टच ऐकवलंय की स्टारशिपच्या कप्तानांच्या जगात बाईला जागा नाही.

पहिल्या नोकरीत सगळ्या टीममध्ये मी एकटी बाई. इंजिनिअर म्हणून घेतलं आणि प्रत्येक मीटिंगमध्ये टिपणं काढायला बसवलं. 'टेबलावर तू आहेस हेच किती मोठं' असं साहेब कौतुकाने म्हणायचे. उहुरा दिसली की ते वाक्य आठवतं आणि संताप होतो.

दुर्बीण:
ताई, शेवटच्या भागाबद्दल माझ्याकडे बचाव नाही, तो मलाही बघवत नाही. पण उहुराला फक्त मिळालेल्या संवादांवरून मोजू नका. पहिल्या सीझननंतर उहुरा साकारणाऱ्या निशेल निकोल्स मालिका सोडून चालल्या होत्या, मार्टिन ल्यूथर किंग यांनी थांबायला सांगितलं, असं त्या आयुष्यभर सांगत आल्या. पुढे १९७७ मध्ये त्यांनीच नासासाठी बायका आणि कृष्णवर्णीय उमेदवार यावेत म्हणून मोहीम चालवली. अंतराळवीरांच्या १९७८ च्या तुकडीत सॅली राइड आणि गायन ब्लूफर्ड होते. अवकाशात गेलेली पहिली कृष्णवर्णीय बाई मे जेमिसन तर उहुरा बघून अवकाशाची स्वप्नं बघत मोठी झाली.

सांजसकाळ:
हे सगळं निकोल्सबाईंचं कर्तृत्व. त्याचं श्रेय लेखकांना कशाला? त्यांनी उहुराला पहिलं नावसुद्धा दिलं नाही.

गोंदबाटली:
मुख्य अन्याय राहिलाच की! २००६ पासून जी 'सुधारलेली' आवृत्ती दाखवतात तिच्याबद्दल कोणी बोलेल का? मालिकेतल्या एंटरप्राइज जहाजाची खरी अकरा फुटी प्रतिकृती काढून तिथे कॉम्प्युटरचं जहाज चिकटवलंय. त्या प्रतिकृतीची डावी बाजू अर्धवट होती, कारण दिव्यांच्या वायरी तिथून बाहेर यायच्या. म्हणून जहाज जवळपास नेहमी उजवीकडूनच दिसतं. अडचणीतून आलेली ती ओळखीची चाल होती. आता कॉम्प्युटर वाटेल तिथून गरगर फिरवतो.

मी एएमटी कंपनीचं या जहाजाचं प्लास्टिक किट जोडलंय. मागच्या इंजिनाच्या दोन नळ्या हमखास खाली वाकतात, रात्रभर दोरा बांधून ठेवाव्या लागतात. 'द डूम्सडे मशीन' या भागातलं मोडकं जहाज याच किटला डागण्या देऊन केलेलं. ते बदलणाऱ्यांना माफी नाही.

नवी_नजर:
काका, त्याच भागातलं ग्रह गिळणारं यंत्र मूळ आवृत्तीत बघा आणि मग बोला. माझा मुलगा दहा मिनिटांत उठून गेला होता. नवीन आवृत्ती लावली तर शेवटपर्यंत बसला, त्या मोडक्या जहाजाचा प्रमुख डेकर मरतो तेव्हा रडला. मालिका पुढच्या पिढीपर्यंत जायला हवी की नको?

गोंदबाटली:
उठून गेला तर जाऊ द्या. सगळं चावून भरवलंच पाहिजे का? ही एंटरप्राइज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात खऱ्या विमानांच्या पंक्तीला ठेवलीय, २०१६ मध्ये मेहनतीने दुरुस्त केलीय. ज्यांना तिची किंमत नाही त्यांनी चाहते म्हणवून घेऊ नये.

नवी_नजर:
माझ्या मुलाला चाहता म्हणायचं की नाही हे ठरवणारे तुम्ही कोण? ब्लू-रेवर दोन्ही आवृत्त्या आहेत. तुमची तुम्ही बघा. असल्या पहारेकऱ्यांमुळेच नवीन माणूस या मालिकेकडे फिरकत नाही.

दुर्बीण:
वैयक्तिक होऊ नका, दोघेही. गोंदबाटली, मलाही जुनंच जहाज आवडतं, पण पोराला कशाला झोडपता? तो डेकरसाठी रडला. डेकर विल्यम विंडम या नटाने उभा केलाय, त्याला कॉम्प्युटरने हात लावलेला नाही.

गोंदबाटली:
विंडमबद्दल वाद नाही. पोराचंही मागे घेतो. जहाजाबद्दल नाही.

खडूस:
हेच म्हणत होतो. मूळ प्रश्न राहिला बाजूला आणि भांडण कशावर, तर नळ्यांवर.

सांजसकाळ:
खडूस, १९६९ मध्ये बंद झालेल्या मालिकेतल्या बाईच्या संवादांवरून माझं रक्त उसळतंय आणि गोंदबाटली आणि नवी_नजर यांचं जहाजावरून. जिच्यात काही नाही त्या मालिकेवरून असं होत नाही. उहुराबद्दल मी इंचभरही मागे हटणार नाही, पण तुमच्या बाजूलाही मला धरू नका.

खडूस:
'बॅलन्स ऑफ टेरर' हा भाग चांगला आहे, हे मी परवाही नाकारलं नव्हतं. शत्रूपक्षाचा, म्हणजे रोम्युलन, माणूस पडद्यावर दिसतो, त्याचे कान स्पॉकसारखे टोकदार, आणि सगळ्या ब्रिजच्या नजरा क्षणात स्पॉककडे वळतात. असे दहा भाग आहेत, फार तर बारा. बाकीच्या ६७ चं काय ते सांगा.

दुर्बीण:
बारापर्यंत आलात. 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' आणि 'अमोक टाइम' त्यात धरलेत का? नसतील तर तेरा-चौदा करा, पुढचं मग बोलू.