कोषाध्यक्ष सगळीकडे लोकच निवडतात असे नाही

अमेरिकेतील प्रत्येक राज्याचा कोषाध्यक्ष मतदार थेट निवडतात, असे सरसकट म्हणता येणार नाही. बहुतेक राज्यांपुरते ते खरे असले तरी मेरीलँड हा ठळक अपवाद आहे. तेथे विधिमंडळाची दोन्ही सभागृहे मिळून त्याला निवडतात आणि गव्हर्नर व कंट्रोलर (राज्याचे हिशेब आणि करवसुली पाहणारा अधिकारी) यांच्याबरोबर तो 'बोर्ड ऑफ पब्लिक वर्क्स'वर बसून राज्याच्या मोठ्या कंत्राटांवर मत देतो, म्हणजे तीनपैकी एक मत विधिमंडळाने निवडलेल्या माणसाचे. न्यू जर्सीत नेमणूक गव्हर्नर करतो, तर टेक्सासने १९९६ मध्ये हे पदच मोडीत काढले. आपला अर्थमंत्री डोळ्यांसमोर आणल्यास मात्र गल्लत होते, कारण कोषाध्यक्षाचे मुख्य काम कर ठरवण्याचे नसून जमा पैशाची राखण आणि गुंतवणूक हे असते.