आबांना २६ जानेवारीची परेड दाखवायची आहे

राजारामपुरीकर: आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, वय ७८. दरवर्षी टीव्हीसमोर उभं राहून सलामी देतात. यंदा म्हणाले, "एकदा दिल्लीत समोर बसून बघायचीय." गुडघे दुखतात त्यांचे. कसं जमवू?

उचगावकर: तिकिटं संरक्षण मंत्रालयाच्या 'आमंत्रण' संकेतस्थळावर जानेवारीत निघतात, झटकन संपतात. मूळ ओळखपत्र बरोबर ठेवा. कोल्हापूर-निजामुद्दीन गाडी आठवड्यातून एकदाच. नाहीतर मिरजेहून गोवा एक्सप्रेस, रोज आहे. खालचा बर्थ आत्ताच बघा.

शाहूपुरीची सून: पहाटेची थंडी हाडात शिरते हो! कानटोपी, दोन स्वेटर घालाच. बॅग आत नेऊ देत नाहीत.

राजारामपुरीकर: २९ तारखेचं बीटिंग रिट्रीट?

उचगावकर: विजय चौकात, संध्याकाळी. त्यासाठी थांबाच. सैन्याचे बँड आबांनी समोरून ऐकायलाच हवेत.