डिसेंबरात पाहुणे, जानेवारीत चलन : परदेशातून आल्यावर इथे गाडी चालवण्याचे अनुभव

ओसरी
सकाळी पोळ्या लाटताना मोबाईल वाजला, पिठाच्या हाताने बघते तर ई-चलन. गाडी आमचीच, एमएच १२. ठिकाण मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, घाटातला भाग, मर्यादा ६०, आमची गाडी ८३ ला, दंड दोन हजार. तारीख बघितली आणि उलगडा झाला. त्या दिवशी गाडी भाऊजींकडे होती, ह्यूस्टनहून आलेले, सहकुटुंब लोणावळ्याला गेले होते. आता ते पोचले तिकडे, जेटलॅग काढतायत, आणि फोटो माझ्या फोनवर. नंबरप्लेट मात्र काय लख्ख आलीय, पासपोर्टचा फोटो इतका चांगला येत नाही माझा.

त्यावरून मस्कतवाले काका आठवले. ऐंशीच्या दशकात, आम्ही तेव्हा कोल्हापुरात होतो. काका सुट्टीला आले की बाबांची पद्मिनी त्यांच्याच ताब्यात. एकदा सगळे गणपतीपुळ्याला निघालो, आंबा घाट उतरून साखरप्याच्या अलीकडे हवालदाराने हात केला. काकांनी ऐटीत ओमानचं लायसन काढून दिलं. हवालदाराने ते दोन्ही बाजूंनी बघितलं, त्यावरची अरबी अक्षरं बघितली आणि बाबांना विचारलं, "हे सुलटं कुठून धरायचं?" शेवटी पावती फाटली ती बाबांच्या नावावर. काकांनी डिकीतून खजुराचं पाकीट काढलं तर आईने असं काही बघितलं की ते परत आत गेलं.

तेव्हाही पावती गाडीमालकाची, आताही. तुमच्याकडे काय काय घडलंय ते येऊ द्या, पाहुण्यांनीही लिहा आणि यजमानांनीही.

टेक्सासची_टपरी
ओसरी, तुमचे भाऊजी मीच नाही ना? 😄 मी पण लोणावळा, मी पण डिसेंबर. मस्करी नाही पण इकडे ऑस्टिनच्या दक्षिणेला एका रस्त्यावर ८५ मैलांची पाटी आहे, म्हणजे १३६-१३७ किलोमीटर, तिथून येऊन घाटात ६० म्हणजे गाडी थांबलीय असंच वाटतं हो. उतारावर पाय नुसता ठेवला तरी ऐंशी होतात.

गुळाचा_चहा
@टपरी पाय ब्रेकवर ठेवा की मग.
एक्सप्रेसवेवर कार असेल तर सपाटीला १००, घाटात ६०. जुलै २०२४ पासून ती नवी कॅमेऱ्यांची सिस्टीम सुरू झाली, वर कमानी दिसतात ना त्या. आणि लोक करतात काय, कमान आली की करकचून ब्रेक, कमान गेली की सुसाट. काही उपयोग नाही, दोन ठिकाणांमधली सरासरी पण काढतात. आमचा साडू दरवर्षी न्यू जर्सीहून येतो आणि दरवर्षी मला हेच सांगतो की "कॅमेरे मला दिसतात". त्याला दिसतात रे, पण मेसेज मला येतो.

निवडुंग
घाटात सगळे ८० ने जात असताना तुम्ही ६० ने जाऊन दाखवा, मागचा ट्रकवाला हॉर्न देऊन देऊन वेड लावतो.

दुबईचा_ढोल्या
मी चिपळूणचा. दुबईत पाटीवर १०० असेल तर १२० पर्यंत रडार फ्लॅश होत नाही, सगळ्यांना माहितीये, अबुधाबीत ती सवलत २०१८ ला काढून टाकली, तिथे पाटीवर असेल तेवढंच. त्यामुळे आमच्या पायाला दोन वेगवेगळ्या सवयी आहेत आणि गावी आल्यावर तिसरी. मुंबई-गोवा हायवेवर मला स्पीडचं चलन आलं तर मी ते फ्रेम करून देवघराशेजारी लावीन. गणपतीत पनवेल ते चिपळूण किती तास लागतात विचारू नका.

कोकमसरबत
@ढोल्या विचारलंच. किती लागले या वर्षी?

दुबईचा_ढोल्या
@कोकमसरबत सांगितलं तर बायको परत बसणार नाही गाडीत. माणगावला जेवलो आणि माणगावलाच भूक लागली एवढं समजा.

मामा_नव्हे_काका
खात्यात होतो, आता निवृत्त. गमतीजमती चालू द्या पण एक गोष्ट नीट सांगतो. दोन हजाराचं चलन हा यातला सगळ्यात लहान भाग आहे. बाहेरून आलेल्या माणसाकडे इथलं चालू लायसन नाही आणि इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटही नाही, तर विनालायसन धरतात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला पाच हजार, आणि ज्याने गाडी चालवायला दिली त्या मालकालाही वेगळे पाच हजार, कलम १८० आणि १८१ वाचा. त्यात कुणाला धडकला तर विमा कंपनी तुमच्या गाडीचा खर्च देताना हात वर करते, आणि समोरच्याला दिलेले पैसे तुमच्याकडून वसूल करायला येते. म्हणून चावी देताना लायसन मागायला लाजू नका, जावई असला तरी.

ओसरी
@काका जावयाकडे लायसन मागायचं? आमच्याकडे जावयाला पाणी देताना पण विचार करून देतात.

सान_होजेचा_सदाशिव
परमिटबद्दल, अमेरिकेत ट्रिपल ए (गाडीवाल्यांची संघटना) च्या ऑफिसात मिळतं, दोन फोटो आणि वीस डॉलरच्या आसपास, वर्षभर चालतं. निघायच्या आधी तिकडेच काढायचं, इथल्या आरटीओत अमेरिकन लायसनवर काढता येत नाही. ते नुसतं चोपडं आहे, मूळ लायसन बरोबर लागतंच.

पण खरा प्रॉब्लेम कागदाचा नाहीच, दांड्यांचा आहे. तिकडे इंडिकेटर डावीकडे, इथे आपल्या मारुती ह्युंदाईत उजवीकडे. अलका चौकात भर उन्हात मी वळायला म्हणून दांडी ओढली आणि वायपर सुरू, तेही फुल स्पीडला, कोरड्या काचेवर खर्रर्र खर्रर्र. बंद करायला गेलो तर पाण्याची पिचकारी. बाजूच्या स्कूटरवरच्या काकू भिजल्या. सिग्नलवरचे मामा शांतपणे जवळ आले, काचेवर टकटक केली, म्हणाले "पाऊस कुठाय साहेब?" लायसन नाही बघितलं, काही नाही, वर हात जोडले आणि जा म्हणाले. काकूंनी मात्र पुढच्या सिग्नलपर्यंत सोडलं नाही.

गुळाचा_चहा
पुण्यातल्या काकूंनी सोडलं नसतंच. डेक्कनपर्यंत आल्या नाहीत हे नशीब समजा.

स्विंडनकर
मी मूळ बार्देशचा, आता स्विंडनला, इकडे आमचे गोंयकार इतके आहेत की बांगडे सुद्धा मिळतात. यूकेवाल्यांसाठी माहिती, परमिट आधी पोस्टात मिळायचं, एप्रिल २०२४ पासून पेपॉइंटच्या दुकानांत मिळतं, साडेपाच पौंड. वेगवेगळी असतात, भारतासाठी १९४९ च्या करारावालं मागायचं, दुकानातल्या पोराला माहीत असेलच असं नाही.

ओसरीताई तुमचं वाचून इथली पद्धत आठवली. इथे कॅमेऱ्यात गाडी सापडली की चौदा दिवसांत मालकाच्या पत्त्यावर पत्र येतं, गाडी कोण चालवत होता ते लिहून पाठवा. मालकाने नाव कळवलं की दंड आणि लायसनवरचे पेनल्टी पॉइंट चालवणाऱ्याला. बेसिक १०० पौंड आणि ३ पॉइंट. नाव कळवलंच नाही तर मालकालाच ६ पॉइंट. त्यामुळे इकडे भाऊ भावाचं नाव सांगायला एक मिनिट लावत नाही बा. गावी गेलो की भाऊ चावी देतो, परत आलो की महिनाभराने व्हॉट्सॲपवर चलनाचा फोटो टाकतो, खाली नुसता 🙏. पैसे पाठवले तर घेत नाही, नाही पाठवले तर सगळ्या वाड्याला सांगतो.

शेंगदाणे_चुरमुरे
हा 🙏 म्हणजे आमच्याकडे पण. सासऱ्यांचा.

वाळवण
आमची गोष्ट लायसनची. नवरा बर्लिनला, तिकडचं लायसन काढलं तेव्हा इथलं विसरूनच गेला, ते कधीचं संपलं. यावेळी आल्यावर म्हणाला रिन्यू करू, दहा मिनिटांचं काम. सारथी या लायसनच्या सरकारी साईटवर गेलो, ओटीपी जातो जुन्या नंबरवर, जुना नंबर बंद, आधारला पण तोच नंबर. म्हणजे आधी आधार केंद्रात रांग, मग पुढचं. मग कळलं संपून वर्षाच्या वर झालं असेल तर नुसतं रिन्यू होत नाही, परत टेस्ट द्यावी लागते. चाळिशी उलटली म्हणून डॉक्टरचा फॉर्म १ए पण.

टेस्ट भोसरीच्या ट्रॅकवर. ऑटोबानवर १८० ने जाणारा माणूस, आठच्या आकड्यात पहिल्याच वळणाला गाडी बंद पाडली, कारण ड्रायव्हिंग स्कूलची गाडी मॅन्युअल आणि याला क्लच असतो हेच आठवेना. मग चढावर थांबून परत निघायचं असतं ना, तिथे गाडी मागे मागे, मागे रांगेतली पोरंटोरं हसतायत. एक अठरा वर्षांची मुलगी त्याला म्हणाली "काका हाफ क्लच". पास झाला पण. त्या मुलीला बाहेर उसाचा रस पाजला, आता घरी कुणी काही शिकवायला लागलं की तो "हो ताई, हाफ क्लच" म्हणतो.

मामा_नव्हे_काका
@वाळवण बरोबर. संपायच्या आधी वर्षभर आणि संपल्यावर वर्षभर रिन्यू करता येतं, त्यापुढे टेस्ट. पण संपल्यावरच्या त्या वर्षात गाडी चालवायला सूट आहे असा गैरसमज करून घेऊ नका, पूर्वी महिनाभर मिळायची, आता नाही.

मेलबर्नची_मावशी
मी इथे आले की स्टिअरिंगला हातच लावत नाही बाई. आमच्याकडे पण डावीकडूनच चालवतात त्यामुळे भाऊ म्हणतो चालव की, पण तिकडे शाळेपुढे ४० म्हणजे ४०, सगळे गप गुमान थांबतात. इथे मी ४० ने गेले तर मागून रिक्षावाला म्हणाला "मावशी, ढकलू का?" तेव्हापासून दिवसावर ड्रायव्हर सांगते, पेट्रोल टाकायचं, त्याचं जेवण सांभाळायचं. आमच्या ड्रायव्हरदादांना जुनी नाट्यगीतं सगळी पाठ आहेत, सासवडपर्यंत कसं पोचलो कळलं नाही.

टेक्सासची_टपरी
मावशी नंबर द्या की दादांचा. विपूत (विचारपुशीत).

निवडुंग
समृद्धीवर कुणी गेलंय का पाहुण्यांना घेऊन? १२० मर्यादा आहे, ७०१ किमी, आमचे मेव्हणे म्हणतात तिकडचं फील येतं. मला झोप येते. टायर चांगले असल्याशिवाय जाऊ नका.

कोकमसरबत
नायट्रोजन भरा टायरमध्ये.

निवडुंग
नायट्रोजनने झोप जाते का 😐

शेंगदाणे_चुरमुरे
विषय निघालाच आहे तर. चलनाच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर एपीके फाईल (म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी) येते, "आरटीओ चलन" असं काहीतरी नाव, ती उघडायची नाही. सासरे उघडणारच होते, त्यांना वाटलं आमच्यामुळेच आलं असणार. आम्ही तर त्या वर्षी आलो पण नव्हतो. खरं चलन महाट्रॅफिक ॲपवर किंवा परिवहनच्या साईटवर गाडीचा नंबर टाकून बघायचं, तिथे फोटो दिसतो, तिथेच भरायचं.

ओसरी
@शेंगदाणे हे बरं सांगितलंत. मी ॲपवरच बघितलं, फोटो खरा आहे, काचेवर जाऊबाईंचा लाल स्कार्फ पण दिसतोय. भाऊजींना पाठवला, त्यांचा रिप्लाय आला "वहिनी, हा उतार होता". टपरी, खरं सांगा तुम्ही कोण आहात?

टेक्सासची_टपरी
माझी बायको स्कार्फ घालत नाही. सुटलो.

गुळाचा_चहा
ओसरी, लगेच भरू नका, लोकअदालतीत कमी करून मिळतं म्हणतात.

मामा_नव्हे_काका
लोकअदालतीत तडजोड होते, पण त्यासाठी ताटकळत राहू नका, गाडी विकायला काढाल तेव्हा थकलेली चलनं आडवी येतात. फोटोत गाडी आपली नसेल, नंबर चुकला असेल तर तक्रार टाकायची सोय आहे तिथेच. आपली असेल तर भरून मोकळं व्हा.

ओसरी
भरले आत्ताच. भाऊजी म्हणतात पुढच्या वेळी आलो की देतो.

स्विंडनकर
म्हणजे गेले 🙏

लोणी_स्पंज
@वाळवण, भोसरीला स्लॉट किती दिवसांनी मिळाला? आमचे चिरंजीव मार्चमध्ये फक्त पंधरा दिवस येतायत आणि त्यांचं पण संपलंय.

वाळवण
@लोणी_स्पंज आधी आधारला कुठला नंबर आहे ते बघायला सांगा त्याला. ते झालं नाही तर पंधरा दिवस तिथेच जातील. वर्षाच्या आतलं असेल तर टेस्ट नाही लागणार, तारीख नीट वाचा, आमच्याकडे संपल्याची तारीख सोडून दिल्याचीच वाचली होती. आणि जमलं तर येण्याआधी जरा मॅन्युअल गाडीची प्रॅक्टिस.

लोणी_स्पंज
तिकडे मॅन्युअल मिळत नाही म्हणतो. बरं बघते. फूडमॉलचा वडा आता कितीला आहे, कुणी खाल्लाय का एवढ्यात?