शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचा निदान-संकेतांक कोणता द्यावा?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक): मी एका रुग्णालयाच्या नोंदणी विभागात काम करते. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर सात वर्षांच्या मुलाचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि धाप लागली. डॉक्टरांनी ‘शेंगदाण्यामुळे अ‍ॅनाफिलॅक्सिस’ (जिवावर बेतू शकणारी तीव्र अ‍ॅलर्जिक प्रतिक्रिया) असे लिहिले आहे. आमच्याकडे आयसीडी-१०-सीएम (आजारांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांक-यादीची अमेरिकी आवृत्ती) वापरतात. झेड ९१.०१० द्यावा की टी ७८.०१?

उत्तर १ (गंगापूर रोड): ताई, झेड ९१.०१० हा शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असल्याची नोंद करणारा संकेतांक आहे; प्रतिक्रिया प्रत्यक्ष घडली असेल तेव्हा तो मुख्य निदान म्हणून चालत नाही. येथे टी ७८.०१एक्सए द्यावा; टी ७८.०१ म्हणजे शेंगदाण्यामुळे झालेली अ‍ॅनाफिलॅक्सिसची प्रतिक्रिया, आणि ‘एक्स’ फक्त रिकामी जागा भरतो. शेवटचा ‘ए’ सक्रिय उपचार दर्शवतो, तर नंतरच्या नेहमीच्या तपासणीसाठी ‘डी’ येतो. गांधी आणि धाप ही त्याच प्रतिक्रियेची लक्षणे असल्याने त्यांना वेगळे संकेतांक देऊ नयेत.

उत्तर २ (नाशिकरोड): वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये टी ७८.० एवढाच संकेतांक आहे, त्यात शेंगदाणा वेगळा नाही; म्हणून विमा कंपनी कोणती आवृत्ती मागते ते आधी विचारावे. तसेच, दुसऱ्या एखाद्या मुलाच्या नोंदीत ‘दूध सोसत नाही’ असे लिहिलेले असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अ‍ॅलर्जी नोंदवू नये, कारण लॅक्टोज (दुधातील साखर) न पचणे ही अ‍ॅलर्जी नव्हे, ते ई ७३ मध्ये येते आणि चुकीची नोंद मुलाच्या कागदपत्रांत वर्षानुवर्षे राहते, याची मला फार काळजी वाटते.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. टी ७८.०१एक्सए नोंदवला.