कडियानाक्यावरच्या मजुरांची साखर तपासायची आहे, एचबीए१सी चालेल का?

दांडियाबाजारकर
बडोद्याच्या कडियानाक्यांवर (रोजंदारीच्या मजूर अड्ड्यांवर) दाहोद, छोटा उदेपूर, झाबुआ, अलीराजपूरकडचे मजूर कामासाठी उभे असतात. त्यांच्यासाठी शिबिर घ्यायचंय, साधारण दीडशे माणसं. अंगमेहनत करणाऱ्या किडकिडीत लोकांत मधुमेह खरंच एवढा असतो का? आणि उपाशीपोटी बोलावणं जमणार नाही, तर सरसकट एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी, उपास न लागणारी रक्ततपासणी) करावी का?

मांडवीकर
सगळ्या स्थलांतरितांना एकच टक्केवारी लावली की फसगत होते. लखनौ, नागपूर, हैदराबाद आणि बंगळूरच्या कारखान्यांत एक चांगला अभ्यास झाला होता. गावाहून आलेला कामगार आणि गावीच राहिलेलं त्याचं भावंड, अशी तुलना त्यात केली. २०१० साली छापलेले पुरुषांचे आकडे: गावात ६.२ टक्के, गावाहून शहरात आलेल्यांत १४.३, मुळच्या शहरी लोकांत १३.५. पण ते कारखान्यात स्थिरावलेले कामगार होते. होळीला आणि पेरणीला गावी परतणाऱ्या मजुराला हा १४.३ लावू नका.

किडकिडीत आहे म्हणून मात्र कुणालाही वगळू नका. कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली आहे.

रावपुरा_लॅब
सरसकट एचबीए१सी नको, अगदी कळकळीनं सांगतो. हा सगळा पट्टा सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचा. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी १२० दिवसांऐवजी १०-२० दिवसच टिकतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. नुसता वाहक असेल तरी काही यंत्रं चुकतात. उलट लोहाच्या कमतरतेनं आकडा वर जातो. एकाच शिबिरात दोन्हीकडून चूक होईल.

ग्लुकोमीटर घ्या. पहाटे सहाला त्यांच्या झोपड्यांवरच जाता आलं तर चहाआधीची साखर मिळेल. नाक्यावर आठ वाजता कुणी उपाशी नसतं. तिथे कधीचीही साखर मोजा आणि १४० (मिग्रॅ/डेसिलिटर, पुढचे आकडेही त्यातच) किंवा वर आलेल्यांना पक्क्या तपासणीला पाठवा: शिरेतलं रक्त, उपाशीपोटी १२६ किंवा वर, नाहीतर ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यातून पाच मिनिटांत पाजून दोन तासांनी २०० किंवा वर असेल तर मधुमेह. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर निदान करू नका, दुसऱ्यांदा खात्री करा.

बोट साबणानं धुऊन कोरडं करा. गोड चहा किंवा फळ लागलेल्या बोटाची साखर हमखास जास्त दिसते. स्पिरिट सुकू द्या, बोट पिळू नका. पट्ट्यांची डबी ३० अंशांच्या वर तापू देऊ नका, मे महिन्यात गाडीत तर मुळीच नको. पंडुरोग असलेल्यात मीटर जास्त दाखवतो, हेही लक्षात असू द्या. शिरेतलं रक्त करड्या टोपणाच्या फ्लोराइड नळीत घ्या. त्यातही पहिला तास-दीड तास साखर उतरत राहते, म्हणून नळी बर्फात ठेवून लगेच लॅबला पोचवा.

वाडीकर_औषधं
निदानानंतरची अडचण मोठी आहे. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेऊन माणूस न जेवता परांचीवर चढला, तर साखर ७० च्या खाली जाऊन तो तिथूनच कोसळू शकतो. डॉक्टरांना कामाचं स्वरूप आवर्जून सांगा. मेटफॉर्मिननं एकट्यानं तसं सहसा होत नाही, पण ते जेवणाबरोबरच घ्यायचं. खिशात साखर असू द्या. घाम, थरथर सुटली की तीन चमचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. भगोरियाला (होळीआधीच्या आदिवासी जत्रेला) गावी जाण्याआधी किमान महिन्याच्या गोळ्या आणि औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी हातात द्या, कंपनीचं नाव तिकडे मिळेलच असं नाही.

दांडियाबाजारकर
मग एचबीए१सी रद्द. शिबिरातच कुणाची साखर ३०० च्या वर निघाली तर?

रावपुरा_लॅब
हात पुन्हा धुऊन दुसऱ्या बोटावर मोजा. सोबत उलट्या, पोटदुखी, खोल जलद श्वास किंवा गुंगी असेल तर थांबू नका, थेट सयाजी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. तसं काही नसेल तर लघवीतलं कीटोन (साखर वापरता न आल्यानं शरीरात साचणारं आम्ल) पट्टीनं पाहा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत कुणीतरी जा. एकट्याला पाठवलं तर दिवसाची मजुरी बुडेल म्हणून तो जाणार नाही.