वडिलांच्या आणि माझ्या जुन्या रेकॉर्डी: प्लेअर, सफाई, डिजिटायझेशनबद्दल सल्ला हवा (सोलापूर)

खंबावती

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, वय ६८. १९७९ ते २००१ इथल्या एका दैनिकात संगीतावर लिहीत होते. मैफलींची परीक्षणं, कलाकारांच्या मुलाखती, नवीन निघालेल्या रेकॉर्डींची ओळख असं काम. आता मुरारजी पेठेतलं घर सोडून जुळे सोलापूरला मुलाकडे राहायला जायचंय. त्या आवराआवरीत माळ्यावरून तीन लोखंडी ट्रंका खाली आल्या.

आत काय काय आहे ते सांगते. साधारण ११० एलपी, चाळीसेक ईपी आणि ६५ जुन्या ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेरे) तबकड्या. शिवाय एचएमव्ही १०२, तो काळ्या पेटीतला चावीचा फोनो. एलपी बहुतेक माझ्या, परीक्षणासाठी आलेल्या. ७८ आणि फोनो वडिलांचे.

वडील मिलमध्ये विणकाम खात्यात होते. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, आवाजानं त्यांचे कान चाळिशीतच गेले. तरी दिवाळीच्या बोनसातून त्यांनी हा फोनो जुना विकत घेतला. पाळी संपवून घरी आले की अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी लावायचे आणि पेटीच्या कडेवर उजवा तळवा टेकवून बसायचे. लहानपणी मला वाटायचं, फोनो हलू नये म्हणून धरतात. नंतर कळलं, ते हातानं ऐकत होते. गाण्यातली जागा येताना बरोबर त्या क्षणी त्यांची मान हलायची. पुढे बावीस वर्षं मी इतक्या मैफली ऐकल्या, पण असा श्रोता मला दुसरा भेटला नाही.

माझ्या एलपींचं वेगळंच आहे. आतल्या कागदी पिशव्यांवर माझ्याच पेन्सिलीच्या नोंदी सापडताहेत. अमीर खाँसाहेबांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली एलपी आहे ना, तिच्या पिशवीवर मी लिहिलंय, ‘षड्ज दिसतो, हाती येत नाही.’ हे वाक्य छापून आलं नव्हतं. त्या रविवारी अर्ध्या पानाची जाहिरात आली आणि माझा मजकूर दहा ओळींवर आला. मी विसरूनही गेले होते. परवा ते वाचलं आणि ऑफिसातली ती रात्र, छपाईच्या खिळ्यांचा वास, चहाचा कप, सगळं समोर उभं राहिलं.

आता माझ्या हातून काय घडलं ते. हिराबाई बडोदेकरांची एक ७८ फार धुळकट होती. ती मी औषधाच्या दुकानातून आणलेल्या स्पिरिटनं पुसली. कापूस काळाकुट्ट झाला. मला वाटलं मळ निघतोय. वाळल्यावर पाहिलं तर एका बाजूची चकाकी पार गेलेली, बोट फिरवलं तर चिकट. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. बाकीच्यांना हात लावायची हिंमत होत नाही, म्हणून इथे विचारते आहे.

प्लेअर कोणता घ्यावा, जो ७८ पण वाजवेल? सफाई कशी करावी? फोनोची स्प्रिंग सुटल्यासारखी वाटते, दुरुस्ती कुठे होईल? हे सगळं संगणकावर घेता येईल का? आणि माझ्यानंतर हे कुणाकडे द्यावं? मुलाला गाण्याची आवड आहे, पण जागा नाही.

बुटांच्या खोक्यात तीसेक कॅसेटी पण आहेत, मुलाखतींच्या. त्या आता कोण ऐकणार? टाकून द्याव्यात म्हणते.

लाखेची_तबकडी

ताई, आधी तुमच्या हिराबाईंच्या तबकडीबद्दल. जुन्या ७८ व्हिनाइलच्या नसतात, मुख्यतः लाख आणि दगडाची भुकटी यांच्या असतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. तुम्हाला मळ वाटला तो खुद्द खाचांचा थर होता. ती बाजू आता परत येणार नाही, पण दुसरी बाजू शाबूत असेल तर ती जपा. आणि तीच तबकडी आणखी कुणाकडे तरी असू शकते, शोधता येईल. त्यावरचा क्रमांक लिहून ठेवा. लेबलवरचा तर घ्याच, शिवाय लेबलाच्या बाहेर गुळगुळीत पट्टीवर कोरलेला किंवा उठवलेला छोटा आकडा असतो, तोही. संग्राहक त्यावरूनच ओळखतात.

७८ साठी: डिस्टिल्ड पाणी, लिटरभरात सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड. खाचांच्या दिशेनं गोल फिरवायचं, आडवं कधीच नाही. लेबल कोरडं राहिलं पाहिजे. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं एकदा पुसून लगेच कोरडं करायचं. भिजत घालायचं नाही. बोअरचं पाणी नको, क्षार खाचांत बसतात आणि नंतर कर्रकर्र वाजतं.

एलपींनाही हीच पद्धत चालते.

तडा गेलेल्या ७८ वाजवू नका, पण फेकूही नका. आणि एकावर एक रचून ठेवू नका. पुस्तकासारख्या उभ्या, न वाकता. ७८ जड आणि ठिसूळ असतात, वरच्या वजनानं खालच्या फुटतात. एलपी वाकतात.

साखरपेठकर

खंबावतीताई, नाव वाचूनच थांबलो. ९ सप्टेंबर १९३८ ला लताबाई मंगेशकर आपल्या वडिलांबरोबर पहिल्यांदा लोकांसमोर शास्त्रीय गायल्या त्या आपल्या सोलापुरात, आणि राग खंबावती. तुम्ही तेच धरून नाव घेतलंय ना? आमच्या घरात ही तारीख पाठ आहे. आजोबा सांगायचे.

ट्रंका माळ्यावर होत्या म्हणता, तर वरती स्लॅब की पत्रा? आपल्याकडे मे महिन्यात ४३-४४ बाहेर असतं, पत्र्याखाली तर भट्टी. एलपी आधी एकेक करून सपाट काचेवर ठेवून बघा, वाकल्या असतील तर कळेल. वाकलेली सरळ करायला उन्हात ठेवा असं कुणी सांगेल, ऐकू नका की. माझ्या चुलतभावानं तसं केलं आणि ताटाची वाटी झाली. नव्या घरी पश्चिमेची भिंत सोडून बाकी कुठल्याही भिंतीला, जमिनीपासून वीतभर वर लाकडी फळीवर ठेवा.

चादरीत गुंडाळून ठेवल्या असतील तर काढा बरं का. आपली सोलापुरी चादर माणसाला ऊब देते, रेकॉर्डीला तिचे तंतू लागतात.

फोनोबद्दल: स्प्रिंगचा डबा घरी उघडू नका. ती पोलादी पट्टी ताणलेली असते, सुटली तर बोटं कापते. सोलापुरात पूर्वी हे काम करणारे होते, आता माझ्या माहितीत कुणी नाही. मुंबईत चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुने फोनो विकणारे आणि दुरुस्त करणारे आहेत. मुलाला गाडीनं घेऊन जायला सांगा, कुरिअरनं नको.

मध्यलय

प्लेअरचं माझ्याकडे घ्या. ऑडिओ-टेक्निका एलपी१२०एक्स यूएसबी. ३३, ४५ आणि ७८ तिन्ही गती आहेत, आत प्रीअँप (सुईकडून येणारा आवाज वाढवणारा भाग) आहे आणि यूएसबीनं थेट संगणकाला जोडता येतो. पण त्याच्याबरोबर येणाऱ्या सुईनं ७८ वाजवू नका. ७८ ची खाच एलपीच्या तिप्पट-चौपट रुंद असते. बारीक सुई तळाशी घासत जाते, आवाज मचूळ येतो आणि सुईही जाते. त्याच कार्ट्रिजला (सुई बसते त्या भागाला) बसणारी ७८ साठीची वेगळी सुई मिळते, व्हीएमएन९५एसपी. ती चिमटीत धरून ओढून बदलता येते. सुई बदलली की तिचं तबकडीवरचं वजन त्या सुईच्या पत्रकाप्रमाणे पुन्हा लावायचं, एवढं लक्षात ठेवा. एलपीच्या मूळ सुईला २ ग्रॅम.

सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर मात्र घेऊ नका. तुमच्या अमीर खाँवर तर अजिबात नको.

आणि १०२ दुरुस्त झाला तर त्यावर फक्त ७८, आणि पोलादी सुई दर बाजूला नवी. जुनी सुई पुन्हा वापरली की ती तबकडी खाते. एलपी त्यावर चुकूनही ठेवू नका, एका फेरीत संपेल. साउंडबॉक्समधले (सुई बसते त्या गोल डबीतले) रबरी गॅस्केट इतक्या वर्षांत दगड झाले असणार, आवाज भरभरा येत असेल तर ते बदलायला सांगा.

संगणकावर घ्यायला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर पुरे, फुकट आहे. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. ४५ मिनिटांच्या एलपीला साधारण दीड जीबी लागेल, म्हणजे तुमच्या ११० एलपी पावणेदोनशे जीबीत बसतात. एका छोट्या हार्ड डिस्कचा प्रश्न आहे. पहिली प्रत जशी आली तशीच ठेवायची, खरखर काढायचे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर. यंत्राला खरखर आणि तंबोऱ्याची जवार (तारांचा गुंजारव) यांतला फरक कळतोच असं नाही, मी जोरात साफ केलेल्या फाइलीत तंबोराच उडालेला ऐकलाय.

लेबल, कव्हर आणि हो, त्या पेन्सिलीच्या नोंदी असलेल्या पिशव्या, सगळ्यांचे फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

जुनाबाजार_पुणे

नमस्कार. सगळं एकगठ्ठा द्यायचं असेल तर मी येऊन बघू शकतो. किंमत रास्त देईन. ७८ मध्ये नाट्यगीतं किती आहेत?

खंबावती

सगळ्यांचे मनापासून आभार.

@साखरपेठकर, हो, नाव त्यावरूनच. वरती पत्रा आहे. सात एलपी वाकल्यात, आज मोजल्या. चादरीतच होत्या.

@जुनाबाजार_पुणे, तुमचा हेतू चांगला आहे, पण मी अजून विकायच्या मनःस्थितीत नाही. बालगंधर्वांच्या नऊ आहेत, मास्टर कृष्णरावांच्या चार. वडील गेले तेव्हा आईनं घरातलं बरंच काही वाटून टाकलं, या तबकड्यांना तिनं हात लावला नाही. मीही इतक्यात लावणार नाही.

मुलतानी

धागा सकाळपासून तीनदा वाचला. ताई, मी तुमच्यापेक्षा लहान आहे, पण एक स्पष्ट सांगू का?

रेकॉर्डी थांबू शकतात. कॅसेटी थांबू शकत नाहीत.

अमीर खाँसाहेबांचा मारवा हजारो घरांत आहे. किशोरीताईंची बागेश्री आणि भूप असलेली एलपी माझ्याकडेही आहे. तुमची प्रत उद्या फुटली तरी ते गाणं जगातून जात नाही. पण तुमच्या तीस मुलाखती जगात एकाच ठिकाणी आहेत, त्या बुटांच्या खोक्यात. त्या टाकून दिल्या की त्या माणसांनी तुम्हाला जे सांगितलं ते कुणालाच मिळणार नाही. आणि तुम्हीही त्यातलं फार तर पाव छापलं असेल. दहा ओळींचा अनुभव तुम्हीच वर लिहिलाय.

फीत दरवर्षी थोडी थोडी जाते, पत्र्याखाली तर जास्तच. म्हणून हे आधी करा. प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे टॅब असतात ते मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्ड होणार नाही. वाजवायच्या आधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळा, वर्षानुवर्षं घट्ट बसलेली फीत सैल होते. आतला स्पंजचा छोटा तुकडा गळून पडला असेल तर आवाज दबका येईल, घाबरू नका, स्क्रूनं उघडणाऱ्या कॅसेटच्या नव्या डबीत फीत हलवता येते. आणि कॅसेट डेकचं हेड (फीत टेकते तो भाग) मात्र स्पिरिटनंच पुसायचं. तुमची ती बाटली इथे कामाला येईल.

कुणाकडे द्यावं, याबद्दल. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स १९९० पासून आहे, ७८ ची नुसती यादी केलीत तरी त्या मंडळींशी बोलता येईल. मुलाखतींसाठी गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीत संग्रहालय आहे, एआरसीई, १९८२ पासूनचं. तिथे लोक आपले खाजगी संग्रह जमा करतात. कोण ऐकू शकेल, कुणाला प्रत द्यायची, हे देताना लिहून देता येतं. जे कलाकार गेले असतील त्यांच्या घरच्यांना आधी कळवा, ही माझी कळकळीची विनंती.

इंटरनेटवर टाकायचा विचार असेल तर ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क ती प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. वडिलांच्या जुन्या ७८ त्यातून बहुधा सुटल्या असतील, पण गीतकार-संगीतकाराचा हक्क वेगळा मोजतात. तुमच्या एलपी इतक्यात टाकू नका.

साखरपेठकर

मुलतानी यांना शंभर टक्के अनुमोदन. ताई, माझ्याकडे चालू स्थितीतला डेक आहे. रविवारी आणून देऊ का? सात रस्त्यावरून यायला मला दहा मिनिटं.

खंबावती

दोन आठवड्यांनी लिहितेय. साखरपेठकर डेक घेऊन आले, बरोबर त्यांच्या आईंनी शेंगापोळ्या पाठवल्या होत्या. माझ्या मुलानं संगणक जोडून दिला. तीसपैकी अकरा कॅसेटी आत गेल्या. एक तुटली, ती जोडायची आहे. प्लेअरची ऑर्डर दिलीये, ७८ च्या सुईसकट. फोनो मुलगा पुढच्या महिन्यात मुंबईला नेईल.

पहिली कॅसेट लावली ती १९८४ ची. रेल्वे लाइन्समध्ये एका यजमानांच्या घरी उतरलेल्या एका बुजुर्ग गायिका, संध्याकाळी कार्यक्रम होता. मी प्रश्न विचारतेय, त्या तंबोरा लावत लावत उत्तरं देताहेत. माझा आवाज इतका कोवळा आहे की मुलगा म्हणाला, ही कोण?

मध्येच मिलचा भोंगा होतो, दुपारी तीनचा. फितीवर तो अगदी स्वच्छ आलाय, लांबून सुरू होऊन भरत गेलेला. बाई बोलायच्या थांबतात. तंबोऱ्याची पहिली तार दोनदा छेडतात, ऐकतात आणि म्हणतात, ‘अगं, हा तुमचा भोंगा आमच्या पंचमाला लागतोय बघ.’ मग भोंगा विरेपर्यंत त्या त्याच्याबरोबर पंचम धरून ठेवतात, नुसता ‘आ’कार.

त्यानंतर फितीवर मी हसते आणि म्हणते, ‘बाबा सुटले आता.’