ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटच्या) टाकीत एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड गॅस) : वास गेला की उतरलं तर चालतं का?

नवा_ऑपरेटर : नमस्कार मंडळी, केमिकल कंपनीत ईटीपीवर नुकताच लागलोय. इक्वलायझेशन टँकचं (सांडपाणी आधी गोळा होतं त्या टाकीचं) झाकण काढलं की सडक्या अंड्यांचा भपकारा येतो. सुपरवायझर म्हणतो जरा थांब, वास गेला की उतर, गाळ काढायला काही होत नाही, सगळे तसंच करतात. खरंय का हे?

सेफ्टीवाला : अरे बाबा, अजिबात उतरू नकोस! वास जात नाही, तुझं नाक बंद पडतं. १ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) खालीसुद्धा वास येतो पण १०० च्या आसपास गेलं की थोड्या वेळात काहीच कळत नाही, आणि १००० च्या वर एक-दोन श्वासांत माणूस आडवा. हवेपेक्षा जड गॅस, तळाशी बसतो, म्हणून मीटर दोरीला बांधून वर, मध्ये, तळाला तिन्हीकडे रीडिंग घ्यायचं. तेही शून्य आलं म्हणून खूश होऊ नको, गाळात फावडं घातलं की अडकलेला गॅस एकदम सुटतो, त्यामुळे ब्लोअर आणि मीटर काम संपेपर्यंत चालूच. आणि टाकीत उतरायचं लेखी परमिट माग. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टात कलम ३६ मध्येच होतं हे, सुपरवायझरला दाखव.

पाना_पक्कड : ॲसिडचं पण बघा, सल्फाइडवाल्या पाण्यात ॲसिड पडून पीएच उतरला की एचटूएस भसाभस सुटतो. आत माणूस असताना ॲसिडचं डोसिंग (पाण्यात सोडणं) बंद म्हणजे बंद, व्हॉल्व्हला कुलूप.

नवा_ऑपरेटर : आणि आत कोणी पडलाच तर? कार्ट्रिज मास्क (हवा गाळणारा) आहे आमच्याकडे

सेफ्टीवाला : तो मास्क टाकीत कामाचा नाही, ऑक्सिजन कमी असेल तर तो काय करणार. बीए सेट लागतो, म्हणजे सिलिंडरमधली हवा देणारा मास्क. दुसरा माणूस मरतो तो असाच, पहिल्याला काढायला धावतो म्हणून. बाहेरच्याने आत जायचंच नाही, बोंब मारायची आणि टाकीवरच्या ट्रायपॉडच्या (तिपाईच्या) विंचने (दोर गुंडाळायच्या चरख्याने) हार्नेससकट (अंगावरच्या पट्ट्यांसकट) वर ओढायचं, म्हणून हार्नेस आधीपासून अंगावर हवा. बाकीच्यांनी विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) बघून वाऱ्याच्या आडवं निघून मग वारा येतो त्या बाजूला जायचं. बाहेर काढल्यावर तोंडाने श्वास देऊ नका, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि ऑक्सिजन, तोवर ॲम्ब्युलन्स.

पाना_पक्कड : साधा बल्ब, मोबाइल काही आत नेऊ नका, हवेत ४.३ टक्क्यांपासून पेट घेतो हा गॅस. आता ४.३ टक्के म्हणजे ४३००० पीपीएम, तिथं माणूस कधीच गेलेला असतो, पण ठिणगी पडली तर बाहेरचेही भाजतात. लोखंडी पाइपातली काळी खपली सुकली की आपोआप पेटते, ती ओली ठेवूनच काढा.